बर्फाच्या वादळात मुलं घरात: आधी हवा, मग खेळ

शिकागोत किंवा न्यू जर्सीत बर्फाचं मोठं वादळ आलं की शाळा बंद आणि मुलं घरात अडकलेली. पण पहिलं काम खेळाचं नाही. फर्नेसचे (घर तापवणाऱ्या भट्टीचे) पांढरे पाइप भिंतीतून बाहेर निघतात, त्यांच्याभोवतीचा बर्फ आधी काढा. ते बुजले तर फर्नेस बंद पडते किंवा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात साचतो, आणि त्याला वास नसतो. वीज गेली तरी गॅसच्या ओव्हनने घर तापवू नका, कोळशाची शेगडी आत आणू नका. जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब हवा. फ्रिज उघडला नाही तर 4 तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर 48.

ऊब टिकावी म्हणून सगळ्यांनी एकाच खोलीत मुक्काम करा, दाराच्या फटीत टॉवेल कोंबा.

आता मुलांसाठी. वाटीभर पाण्यात बर्फाचा खडा तरंगवा. ओला सुती दोरा त्यावर आडवा ठेवा, वर चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि मिनिटभर हात लावू नका. मिठाने वरचा थर वितळतो, मग तेच पाणी दोऱ्याभोवती पुन्हा गोठतं आणि अख्खा खडा दोऱ्याला लटकून वर येतो! दोरा सुटला तर बहुधा मीठ जास्त पडलंय. नायलॉनचा दोरा नको, तो पाणी धरत नाही.

मोठी मुलं मीठ-बर्फ हातावर धरायची पैज लावतात. ती तिथेच थांबवा: मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडीला भाजल्यासारखी जखम होते.