फाउंटन पेनासाठी स्वस्त कागद निवडताना या चुका टाळा

फाउंटन पेनाने लिहिणारे गिऱ्हाईक सोलापूरच्या नवी पेठेतील दुकानात गेले की बहुधा 'जाड कागद दाखवा' असे म्हणते, आणि पहिली चूक तिथेच होते. जीएसएम हा आकडा एक चौरस मीटर कागदाचे वजन ग्रॅममध्ये सांगतो. त्यावर शाई कशी बसेल, हे त्यातून कळत नाही. तोमोए रिव्हर हा जपानी कागद 52 जीएसएमचा, म्हणजे अगदी पातळ असूनही त्यावर अक्षर रेखीव उमटते, तर त्याहून कितीतरी जाड कागदावर रेघेला बारीक फाटे फुटू शकतात.

खरा फरक सायझिंगचा असतो. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा थर असल्यामुळे तो पाणी शोषणारच. हे शोषण आवरण्यासाठी लगद्यात विशिष्ट रसायने मिसळतात किंवा तयार कागदावर स्टार्चचा हात देतात; यालाच सायझिंग म्हणतात. टीपकागदात हे जवळजवळ नसते, म्हणूनच तो शाई टिपतो.

दुसरी चूक म्हणजे चाचणी न घेता अख्खी रीम उचलणे. आधी एक सुटा कागद मागून घ्यावा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. तो लगेच जिरून कागद ओलसर, पारदर्शक दिसू लागला तर सायझिंग कमी आहे असे समजावे. त्यानंतर आपल्याच पेनाने, आपल्याच शाईने चार ओळी लिहाव्यात, दोन-तीन सेकंद नीब एका जागी टेकवून धरावी, आणि शाई वाळल्यावर कागद उलटून पाहावा. कागदाच्या दोन बाजू बऱ्याचदा सारख्या नसतात, त्यामुळे दोन्हींवर लिहून पाहणे आवश्यक आहे. दुकानदार यासाठी क्वचितच नाही म्हणतात.

पाठीमागे अक्षर नुसते दिसत असेल तर कागद पातळ आहे, एवढाच त्याचा अर्थ; शाई पलीकडे उतरली असेल तरच तो कागद बाद करावा. फार गुळगुळीत, चकचकीत कागदावर उलट त्रास होतो, कारण शाई वाळायला वेळ लागतो आणि अक्षर पुसटते.

स्वस्तात पाहायचे तर हिशेबाच्या वह्यांचा लेजर पेपर आणि उसाच्या चिपाडापासून केलेला कागद यांना माझी पहिली पसंती आहे. उसाच्या या जिल्ह्यात दुसऱ्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटणे स्वाभाविकच आहे. झेरॉक्सचा कागद कोरड्या टोनरसाठी बनवलेला असल्याने त्याचा भरवसा पुडक्यागणिक बदलतो.

कागद बदलणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, तर बारीक नीब आणि कमी ओघाची शाई वापरावी. पानाच्या केवळ खालच्या भागात अक्षर तुटत असेल तर दोष कागदाचा नसून तळहाताच्या घामाचा व तेलकटपणाचा असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे हमखास घडते. अशा वेळी हाताखाली एक कोरा कागद ठेवून लिहावे.