खाडीतल्या छोट्या होडीला कोणतं मशीन?

आधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. साधारण १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट (शाफ्ट म्हणजे मशीनपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा), २० इंच असेल तर लाँग. शाफ्ट आखूड पडला की पंखा हवा ओढतो; मशीन नुसतं ओरडतं, होडी जागची हलत नाही.

टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं मशीन) हलकं, दुरुस्तीला सोपं. पण पेट्रोल जास्त पितं. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं; ५०:१ मिश्रण म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम. फोर-स्ट्रोक जड आणि महाग, पण इंधन वाचवतं, आवाजही कमी. रोज लांब जाणाऱ्याने हेच घ्यावं.

इलेक्ट्रिक मोटर शांत तलावासाठी ठीक. १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढत असेल, तर १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी अर्धी रिकामी व्हायला तास पुरतो, त्याहून कमीच. भरती-ओहोटीच्या ओढीत तिच्या भरवशावर जाऊ नका.

आउटबोर्ड सुरू होताच मागून मशीन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार येते का बघा. नसेल तर लगेच बंद करा: वाळूने वाट तुंबली असेल, नाहीतर इंपेलर (हे पाणी खेचणारं रबरी चाक) झिजला असेल. खाऱ्या पाण्यातून आल्यावर १० मिनिटं गोडं पाणी फिरवा.