‘लागेल तेवढं’ म्हणजे किती? घरातल्या जुन्या पाककृती शोधताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच. वही-पेन घेऊन इंदूरला लोकमान्य नगरात आत्याकडे गेले, बैठकीत बसले आणि म्हटलं, “आत्या, तुझी एखादी खास जुनी पाककृती सांग ना.” तिने पुरणपोळी सांगितली. असं विचारलं की पुरणपोळीच मिळते.

दुपारी ती भुट्ट्याचा कीस करायला बसली, म्हणजे मक्याची कणसं किसून, तुपात परतून दुधात शिजवायला. किसून उरलेली कणसं तिने फेकली नाहीत. पाण्यात उकळली, ते पाणी ताकात मिसळलं आणि कढी केली. “हे काय गं?” “हे? काही नाही, कढी आहे.”

हे ‘काही नाही’ कानावर पडलं की थांबायचं. कोणालाच ठाऊक नसलेला पदार्थ बहुधा त्याच्या मागे दडलेला असतो, कारण घरच्यांना तो सांगण्यालायक वाटतच नाही. म्हणून खास काय करता ते विचारू नका. उरलेल्याचं काय करता, चातुर्मासात कांदा-लसूण बंद असताना भाजीला चव कशी आणता, तापातून उठलेल्याला काय देता, हे विचारा. आणि बैठकीत नाही, ओट्यापाशी उभं राहून.

दुसरी चूक मापाची. “दूध किती?” “लागेल तेवढं.” इथे वाद घालू नये. दुधाचं पातेलं आधी काट्यावर ठेवा आणि तिचं काम झालं की पुन्हा ठेवा. फरक आला तेवढं ‘लागेल तेवढं’. आत्याच्या सहा कणसांच्या किसाला 240 ग्रॅम दूध गेलं.

जुन्या वहीतली मापं वेगळाच घोळ घालतात. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, त्यामुळे त्याआधीच्या वहीत शेर, नवटाक आणि छटाकच असणार. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. नवटाक त्याचा आठवा भाग, छटाक सोळावा. पावशेर 250 ग्रॅम धरलात तरी फारसं बिघडत नाही. ‘दोन रुपयाभार सुंठ’ला मात्र हमखास फसायला होतं. ती दोन रुपयांची सुंठ नव्हे. चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणून दोन रुपयाभार म्हणजे साधारण 23 ग्रॅम. शिवाय शेर मापाचाही, म्हणजे भांड्याने मोजायचा, असे, तेव्हा धान्याच्या बाबतीत वजनाचा की मापाचा हे घरात विचारून घ्या.

कीस बिघडला तर आधी कणसाकडे बघा. बाजारात सहज मिळतो तो स्वीट कॉर्न. तो गोड आणि पाणचट, परतला की लगदा होतो. कीस देशी भुट्ट्याचाच करावा, तोही कोवळ्या. दाण्यात नख खुपसल्यावर दुधासारखा रस आला पाहिजे. कच्चट वास राहिला असेल तर दूध घालायची घाई झाली. मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परतायला हवं होतं. दूध फाटलं तर लिंबू कढई चुलीवर असतानाच पिळलंत.

नावावर विसंबणं हीही चूकच. इंदुरात शिकंजी मागितलीत तर लिंबाचं सरबत येत नाही, दाट, गोड, सुक्या मेव्याचं दुधाचं पेय येतं. याउलट तिथल्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, हिंदीत ‘भुट्टे का कीस’ म्हणतात, त्यातला ‘कीस’ आपल्या किसणीतलाच.

आणि घराण्याच्या कथा. आमच्याकडे दर दुसरा पदार्थ होळकरांच्या मुदपाकखान्यातून आलेला असतो. पुरावा मागितला की चहा येतो. कथा लिहून घ्यावी, पण वेगळ्या पानावर.

शेवटची चूक मी जवळजवळ केलीच होती: लिहून घेतलं, धन्यवाद म्हटलं, निघाले. दारातून परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच टिपणावरून आत्यासमोर कीस केला. ग्रॅम न् ग्रॅम मोजून. तिने एक चमचा तोंडात टाकला.

“बरा झालाय. पण हिंग कुठाय?”

वही उलटीसुलटी केली. हिंग कुठेच नव्हता. काल ती फोडणी देत होती तेव्हा मी दुधाचं पातेलं काट्यावर ठेवत होते.

“आत्या, तू सांगितलं नाहीस!”

“हिंग काय सांगायचा असतो?”