ब्लॉकचेन ग्रँट कमिटीवर आहात? या चुका टाळा

ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टो नाण्यांच्या व्यवहारांची सामायिक वही; तिच्या तिजोरीतून उपयोगी कामांना अनुदान, म्हणजे ग्रँट, देणाऱ्या एका कमिटीवर मी अर्ज तपासले, तिचं नाव सांगत नाही. चुका आमच्याच होत्या, आणि बहुतेक सगळ्या एकाच जागी उगवल्या. कुणाला पैसे द्यायचे यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो, पण काय दिसलं की पैसे सोडायचे हे कुणीच लिहून ठेवत नव्हतं.

असं होण्यामागे पैशाचा स्वभावही आहे. झीकॅश या क्रिप्टो चलनाचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्लॉकचं बक्षीस (व्यवहारांचा प्रत्येक नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, जोडला की निघणारी नवी नाणी) निम्मं झालं, तेव्हापासून त्या बक्षिसाचे ८ टक्के मोठ्या ग्रँटसाठी बाजूला पडू लागले आणि त्यांचा निर्णय निवडून आलेली पाच जणांची कमिटी घेऊ लागली. दर ७५ सेकंदांना एक ब्लॉक, बक्षीस ३.१२५ झेडईसी (झीकॅशचं नाणं), हिशेब केला तर ग्रँटच्या वाट्याला दिवसाला साधारण २८८ झेडईसी. (२०२४ मध्ये बक्षीस पुन्हा निम्मं झालं, म्हणजे आता १४४.) कुणाकडे हात न पसरता रोज पैसा येत राहिला की ‘चला, देऊन बघू’ म्हणायला जड जात नाही.

कल्पनेला हो म्हणणं

घराचं कर्ज बँक स्लॅब पडेल तसं सोडते. ग्रँटचे हप्तेही तसेच असतात, फक्त इथे स्लॅब कशाला म्हणायचं ते आपण ठरवायचं असतं. आमच्याकडे एक अर्ज आला होता: ‘वॉलेटचं (क्रिप्टो ठेवायच्या ॲपचं) मराठीकरण व समुदायात जागृती’, दुसरा टप्पा, ८,००० डॉलर. मला तर आनंदच झाला. चार महिन्यांनी काम पूर्ण झाल्याचा मेल आला. सोबत तीन पोस्टर आणि चाळीस सभासदांचा एक टेलिग्राम ग्रुप. ‘जागृती’ झाली नाही असं कुठल्या तोंडाने म्हणणार? पैसे द्यावे लागले.

आज तोच टप्पा मी असा लिहून घेईन: ॲपमधली सगळी वाक्यं मराठीत, एकही इंग्रजीत राहिलेलं नाही; फोनवर चढवता येईल असा अँड्रॉइड बिल्ड; टेस्टनेटवर (सरावासाठीच्या, खरा पैसा नसलेल्या नेटवर्कवर) दोन फोनांमध्ये झालेला एक व्यवहार आणि त्याचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक; शिवाय असं सूचनापत्र, जे वाचून कमिटीतला कुणीही अर्ध्या तासात हे स्वतः करून बघेल. पोल्काडॉट या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या बाजूला वेब३ फाउंडेशनच्या ग्रँटमध्ये हा आग्रह दिसायचा. अर्ज गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघड्यावर यायचा आणि टप्प्यांसोबत परवाना, डॉक्युमेंटेशन, टेस्टिंग गाइड नि डॉकर फाइल (कुठल्याही मशीनवर तो प्रोग्राम चालवून बघायची सोय) द्यायची हे आधीच ठरलेलं असायचं. रूक्ष वाटतं खरं, पण नंतरचे वाद निम्म्याने कमी होतात.

व्हिडिओ पाहून हप्ता सोडणं

डेमो व्हिडिओ सगळ्यांचे छानच असतात. रिपॉझिटरी (कोडची फाइलपेटी) उघडून कमिटचा, म्हणजे कोडमध्ये वेळोवेळी नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास पाहा. तीन महिन्यांचं म्हणून सांगितलेलं काम एका रात्रीत, एकाच कमिटमध्ये आलेलं असेल तर विचारा. काही वेळा खरं कारण असतं, खासगी रिपॉझिटरीतून हलवलेलं असतं. काही वेळा दुसऱ्याच्या उघड कोडमधली नुसती नावं बदललेली असतात. ‘सर्व टेस्ट पास’ (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) हे हिरवं चिन्ह पाहून आम्ही एकदा हप्ता दिला. नंतर एका सहकाऱ्याने टेस्टची फाइल उघडली तेव्हा कळलं, अकरापैकी नऊ टेस्ट ‘खरं हे खरं आहे का’ एवढंच तपासत होत्या.

टोकनचा भाव विसरणं

ही चूक सर्वांत महाग पडते. ग्रँट डॉलरमध्ये ठरवा आणि हप्ता सोडायच्या दिवसाच्या भावाने टोकन, म्हणजे ब्लॉकचेनची नाणी, द्या, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढचं कळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये झेडईसी २०० डॉलरच्या वर होता, २०२४ च्या उन्हाळ्यात २० च्या खाली. वचन डॉलरमध्ये आणि तिजोरी टोकनमध्ये असली की भाव पडताच मंजूर केलेल्या ग्रँटच तिजोरीपेक्षा मोठ्या होऊ शकतात. म्हणून एक साधी शीट ठेवा: मंजूर झालेले पण अजून न दिलेले एकूण डॉलर, आणि आजच्या भावाने तिजोरीतली रक्कम. नवीन अर्ज उघडण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे. उरलेले हप्ते भागतील एवढे टोकन मंजुरीच्या वेळीच स्थिर नाण्यात (स्टेबलकॉइन, ज्याचा भाव डॉलरला बांधलेला असतो) बदलून ठेवता आले तर उत्तमच.

भारतातला अर्जदार असेल तर कराचंही आधी विचारून घ्या. जुलै २०२२ पासून क्रिप्टो विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो आणि नफ्यावर ३० टक्के कर आहेच. हे न धरता बजेट केलेला पुण्या-नागपूरचा मुलगा दुसऱ्या हप्त्याला ‘थोडे वाढवून मिळतील का’ म्हणत येतो.

पत्ता डोळ्यांनी ताडून पाहणं

वॉलेटच्या पत्त्याची (पैसे पाठवायच्या लांबलचक खातेक्रमांकाची) पहिली चार नि शेवटची चार अक्षरं जुळली म्हणजे पत्ता बरोबर, असं नाही. ठग नेमका तसाच दिसणारा पत्ता बनवतात आणि तुमच्या व्यवहारांच्या यादीत एखादा शून्य रकमेचा व्यवहार घुसवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तिथून चुकीचा पत्ता उचलाल. यादीतून कॉपी करूच नका. अर्जातला पत्ता घ्या, कोणतं नेटवर्क ते विचारा, आधी दहा डॉलर पाठवून ते पोचल्याचं कळवून घ्या. मल्टिसिगवर (अनेकांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे न सोडणाऱ्या वॉलेटवर) सही करणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ ची बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजमधली चोरी आठवावी. स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, सह्या मात्र दुसऱ्याच गोष्टीवर झाल्या आणि सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. हार्डवेअर वॉलेटवर (सही करायच्या वेगळ्या छोट्या उपकरणावर) काय दिसतंय ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका, तिघांनी आधी सही केलेली असली तरी.

भीड

या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. अर्जदार जुना सहकारी निघाला तर चर्चा सुरू होण्याआधीच सांगा आणि कॉलमधून बाहेर पडा. फक्त मत न देता बसून राहिलात तर बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघत बोलतात. नकार देतानाही आम्ही भीड धरायचो, ‘विचाराधीन आहे’ म्हणत दोन-दोन महिने लोकांना लटकवायचो. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे भीक मात्र समोरच्याच्या वाट्याला येते: त्याने तेवढ्यात दुसरीकडे अर्ज केला असता. दोन ओळींत कारण लिहा आणि त्याच आठवड्यात कळवा.

शेवटच्या हप्त्यानंतर पाठ फिरवणं

एका ब्लॉक एक्सप्लोररला (ब्लॉकचेनवरचे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या साइटला) आम्ही पूर्ण पैसे दिले. दोन महिन्यांत सर्व्हर बंद पडला, पुढे डोमेनही सुटलं आणि त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागली. आमच्या कागदपत्रांत दुवा तसाच होता. तेव्हापासून चालू ठेवायच्या सेवांचे काही पैसे सहा महिने मागे ठेवतो, आणि ती तारीख मंजुरीच्याच दिवशी कॅलेंडरवर टाकतो.