खिडकीचा कट्टा दीड फूट, मजला चौथा: पिंजरा न करता खिडकी सेफ कशी केली

आमच्या हॉलच्या खिडकीचा कट्टा जमिनीपासून जेमतेम दीड फूट आहे. फ्लॅट बघायला आलो तेव्हा याच खिडकीवर जीव जडला होता, पाऊस पडून हवा धुऊन निघाली की बसल्या जागेवरून सिंहगड दिसतो, वरच्या टॉवरसकट. मग भाचा राहायला आला, अडीच वर्षांचा, आणि मी कुकर बंद करायला आत गेले तेवढ्यात हा दिवाणावरून कट्ट्यावर चढून उभा, दोन्ही तळवे मच्छरच्या जाळीवर टेकलेले आणि जाळी बाहेर फुगलेली. त्याला उचलून घेतल्यावर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते.

त्या रात्री घरात ठरलंच होतं की पूर्ण खिडकीला ग्रिल मारायचं. पण दोन दिवस टेप घेऊन मापं काढली तेव्हा लक्षात आलं की माणूस पडतो खिडकीच्या खालच्या भागातून आणि बाहेर बघतो वरच्या भागातून, म्हणजे अडवायचंय ते खाली, वरचं बऱ्यापैकी मोकळं राहू शकतं.

आता मापाचं कारण सांगते. उभ्या माणसाच्या वजनाचा तोल साधारण बेंबीच्या आसपास असतो, साडेपाच-पावणेसहा फूट उंचीच्या माणसात तो जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास येतो. कठडा त्याच्यापेक्षा खाली असेल तर तोल गेल्यावर तो अडवत नाही, उलट त्याच्यावरूनच माणूस उलटतो. म्हणून कठड्याचा वरचा काठ जमिनीपासून किमान साडेतीन फूट हवा. आणि खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे पावणेचार-चार फुटांवर असतात, म्हणजे साडेतीन फुटांचा कठडा नजरेच्या खालीच राहतो! जुन्या वाड्यांमध्ये हेच होतं की, माडीवर बैठक जमिनीवर म्हणून खिडक्याही खालपासून, आणि खालच्या भागात लाकडी कठडा नाहीतर उभे गज, वर मोकळं. झडपासुद्धा खालच्या वेगळ्या आणि वरच्या वेगळ्या.

एक गोष्ट मात्र आजच करा, पैसे लागत नाहीत. दिवाण, टीपॉय, स्टूल, खेळण्यांचा डबा, जे जे चढण्यासारखं आहे ते खिडकीपासून निदान तीन फूट लांब सरकवा. लहान मुलांचं डोकं बाकी अंगाच्या मानाने जड असतं, नुसतं वाकून बघितलं तरी तोल पुढे जातो. आणि मच्छरची जाळी ही फक्त मच्छरांसाठी असते, मुलाने जोर दिला तर फ्रेममधून सुटून येते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळीही माणसाचं वजन पेलायला बनवलेली नसते, उन्हाने ती आणखी कुजते. लोक या दोन्हींवर भरवसा ठेवतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

मग कठडा कशाचा करायचा. सगळ्यात स्वस्त आणि मजबूत म्हणजे उभे गज किंवा चौकोनी पाइप, उभेच हां, आडवे अजिबात नको. नवीन बिल्डिंगांमध्ये आडव्या स्टीलच्या पाइपांची फॅशन आहे पण मुलासाठी ती शिडीच आहे. दोन गजांमधली फट चार इंचांच्या आत ठेवा, आणि खालचा आडवा पट्टा आणि कट्टा यांच्यामधली फटही. फट मोठी असली तर मुलाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं, ते फार भयंकर. तपासायला चार इंच व्यासाचा बॉल घ्या आणि सगळीकडून घालून बघा, कुठूनही जाता कामा नये. गजांना गडद काळा किंवा चॉकलेटी रंग द्या, पांढऱ्यावर ऊन चमकतं आणि नजर तिथेच अडकते, गडद रंग मागच्या झाडांमध्ये विरून जातो. आम्ही हेच केलं.

काच लावायची असेल तर खालून काहीच आडवं येत नाही, जमिनीवर बसणाऱ्यांसाठी छानच. पण नुसती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच नको, ती फुटली की बारीक तुकडे होऊन सगळी खाली जाते आणि समोर मोकळं भोक राहतं. टफन्ड आणि लॅमिनेटेड अशी दोन्ही हवी, म्हणजे दोन काचांमध्ये फिल्म असलेली, तडकली तरी तुकडे फिल्मला चिकटून जागेवर राहतात. काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो तो बघून घ्या, सेफ्टी ग्लाससाठी आयएस २५५३ हे स्टँडर्ड आहे. आणि काच नुसती सिलिकॉनवर उभी करून देणारे असतात, त्यांना नाही म्हणा, व्यवस्थित चॅनल किंवा पक्के क्लॅम्प हवेत.

तिसरा पर्याय इनव्हिजिबल ग्रिल, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या स्टीलच्या वायरी वरखाली ट्रॅकमध्ये ताणून बसवतात, साधारण दोन-दोन इंचांवर. लांबून खरंच दिसत नाहीत आणि पूर्ण खिडकी झाकली जाते, घरात फार लहान मूल किंवा मांजर असेल तर हाच बरा. कोटेशन घेताना नुसता स्क्वेअर फुटाचा रेट विचारू नका, वायरची जाडी, दोन वायरींमधलं अंतर आणि स्टीलचा ग्रेड बिलावर लिहून घ्या. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत ३१६ ग्रेडच घ्या. स्टील चांगलं आहे का ते लोहचुंबक लावून बघा असं सांगतात, पण हलक्या ग्रेडचं २०२ सुद्धा चुंबकाला फारसं चिकटत नाही, त्यामुळे त्यावर जाऊ नका. वायरी काळाने सैल पडतात, बॉल जोरात दाबून पलीकडे गेला तर परत ताणून घ्यायच्या.

सगळ्यात जास्त घोळ फिटिंगमध्ये होतो. आमच्याकडे आलेल्या फॅब्रिकेटरने पहिल्यांदा स्क्रू नुसते प्लास्टरमध्ये मारले, हाताने हलवलं तर हललं, सगळं काढायला लावलं. काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट चालतो, पण बऱ्याच नवीन बिल्डिंगांच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात, ड्रिल करताना पांढरट भुकटी आली आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर समजा तेच आहे. त्यात साधा रावल प्लग, म्हणजे स्क्रूसाठीची प्लास्टिकची गुल्ली धरत नाही, केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट) किंवा ब्लॉकसाठी मिळणारे लांब फास्टनर लागतात. आणि स्लायडिंगच्या ॲल्युमिनियम फ्रेमलाच कठडा अडकवून देऊ का विचारतील, अजिबात नको. विसर्जनाची मिरवणूक खालून चालली की अख्खं घर कठड्याला रेलून उभं राहतं, ते वजन डोळ्यासमोर ठेवून काम करून घ्या.

वरचा भाग मोकळा ठेवलाय तर स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये स्टॉपर लावा, ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने घट्ट होणारे क्लॅम्प मिळतात, खिडकी चार इंचांपुढे सरकत नाही. हवा येते, मूल जात नाही. भाड्याच्या घरात भोकं पाडायची परवानगी नसेल तर निदान हे आणि फर्निचर लांब, एवढं तरी हवंच. किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही पण घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत असेल अशा जागी. पूर्ण ग्रिल केलंच तर एक भाग आतून उघडणारा ठेवा, आग लागली तर तिथूनच बाहेर काढतात.

सोसायटीला एक पत्र द्या. कठडा खिडकीच्या आतल्या बाजूने बसवला तर एलिव्हेशन, म्हणजे बिल्डिंगचं बाहेरून दिसणारं रूप बदलत नाही आणि कमिटी सहसा अडवत नाही, आम्हाला आठवड्यात होकार आला.

अजून एक, दिवाळीच्या साफसफाईत बाहेरची काच पुसायला कामवाल्या मावशींना कट्ट्यावर चढवू नका, प्लीज. स्लायडिंगचं दार थोडं वर उचललं की ट्रॅकमधून आत काढता येतं, दोघांनी धरून काढायचं आणि आत पुसायचं, नाहीतर लांब दांड्याचा वायपर आणायचा.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळे नट एकदा पान्याने आवळून घ्यायचे, गंज दिसला तिथे घासून रेड ऑक्साइड मारून वर रंगाचा हात. आमच्याकडे अर्ध्या तासात होतं. भाचा आता गजांना धरून उभा राहतो आणि खालच्या रिक्षा मोजतो, दिवाण अजूनही समोरच्या भिंतीलाच आहे.