एमपीएससी थांबवायची की नाही, हे कसं ठरवाल
पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी साडेचार वर्षं काढली. पहिली गोष्ट सांगते: निकालाच्या रात्री काहीही ठरवू नका. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. पंधरा दिवस जाऊ द्या.

मग वही उघडा. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटात 38व्या वर्षापर्यंत बसता येतं, यूपीएससीला 32पर्यंत आणि सहाच प्रयत्न. पण मर्यादा आहे म्हणून तिथवर ताणायलाच हवं असं नाही. प्रत्येक पूर्वपरीक्षेतले आपले गुण आणि त्या वर्षीचा कटऑफ शेजारी-शेजारी मांडा. अंतर कमी होतंय का? माझं तीन वर्षं जवळपास तेवढंच होतं. 2025पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणून दोन उत्तरं लिहून कुणाकडून तरी कडक तपासून घ्या.

खोली, मेस, अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च कोण उचलतंय, तेही लिहा. बाबांना आकडा विचारताना मला रडू आलं. तरी विचाराच.

सोडण्याआधी दुसरं काम तीन महिने करून पाहा. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवायला लागले. तिसऱ्या आठवड्यात उद्याच्या तासाची तयारी आपणहून करत बसले होते.