सर्व्हर चालू, पण बीएमसी गप्प: मॅनेजमेंट कंट्रोलर रीस्टार्ट कसा करावा

सर्व्हरवरची कामं व्यवस्थित चाललेली असतात, पण रिमोट कन्सोलचं, म्हणजे लांबून सर्व्हर सांभाळायचं, वेबपान उघडतच नाही. लॉगिन केलं की चक्र फिरत राहतं, किंवा तापमान आणि पंख्यांचे आकडे तासन्‌तास तेच दिसतात. अशा वेळी सर्व्हरला काही झालेलं नसतं. अडकलेला असतो तो मदरबोर्डवरचा वेगळा छोटा संगणक, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, अर्थात बीएमसी. डेलमध्ये तो आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर.

त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आत साठवलेलं सॉफ्टवेअर असतं. तो स्टँडबाय विजेवर, म्हणजे केबल जोडलेली असेपर्यंत मिळत राहणाऱ्या विजेवर चालतो, म्हणून सर्व्हर बंद असतानाही जागा राहतो. आणि नेमक्या याच कारणाने सर्व्हर रीबूट करून तो सहसा सुटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम खाली जाऊन वर येते, वापरकर्त्यांची कामं खोळंबतात आणि बीएमसी होता तसाच राहतो. उलट नुसता बीएमसी रीस्टार्ट केला तर चालू सर्व्हरला सहसा धक्काही लागत नाही. म्हणून सर्व्हरला हात लावण्याआधी पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

आधी खात्री करा

बीएमसीच्या आयपी पत्त्याला पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून बघा. पिंगला उत्तर येतं पण वेबपान उघडत नाही, तर बहुधा आतली वेब सर्व्हिस अडकली आहे. दुसऱ्या ब्राउझरमधून बघा, एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देण्याची सोय) शिरता येतं का तेही तपासा. बऱ्याच कंट्रोलरवर एकावेळच्या सेशनची, म्हणजे चालू लॉगिनची, संख्या मर्यादित असते. मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टने सेशन उघडी सोडली की नवीन लॉगिन नाकारलं जातं. पिंगच येत नसेल तर केबल, स्विचचा पोर्ट आणि व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) आधी बघा. बीएमसी सर्व्हरच्याच नेटवर्क पोर्टवर शेअर केलेला असेल तर स्विचवरचा एखादा बदलही त्याला गायब करू शकतो.

रीस्टार्टच्या आधी

फर्मवेअर अपडेट सुरू असेल तर थांबा. मध्येच रीसेट केला तर कंट्रोलर कायमचा निकामी होऊ शकतो. सर्व्हर क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटात असेल आणि फेन्सिंग (बिघडलेला सर्व्हर गटातून जबरदस्तीने बाजूला काढणं) बीएमसीमार्फत होत असेल, तर तो नोड, म्हणजे गटातला तो सर्व्हर, मेंटेनन्समध्ये टाका, कारण काही मिनिटं फेन्सिंग चालणार नाही. काही मॉडेल्समध्ये बीएमसी खाली असताना पंखे पूर्ण वेगाने फिरतात. तो आवाज ऐकून घाबरू नका, आणि शेजारी कोणी काम करत असेल तर आधी सांगून ठेवा.

पायरी १: ऑपरेटिंग सिस्टिममधून

माझ्या मते हा सगळ्यात चांगला मार्ग, कारण त्याला बीएमसीचं नेटवर्क लागत नाही. इथे कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका. आयपीएमआयटूल हे बीएमसीशी बोलण्याचं साधन आहे. लिनक्सवर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून आधी ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ चालवा. डिव्हाइस सापडत नाही असा एरर आला तर ‘आयपीएमआय_एसआय’ आणि ‘आयपीएमआय_डेव्हइंटएफ’ ही कर्नल मॉड्यूल्स लोड करा. मग:

आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड

‘एमसी’ हा दोन अक्षरी शब्द टाकताना दोनदा बघा. ‘एमसी रीसेट’च्या जागी ‘चॅसिस पॉवर रीसेट’ गेलं तर बीएमसी नव्हे, चालता सर्व्हरच क्षणात रीसेट होईल, तोही फाइल सिस्टिमला निरोप न देता. ‘वॉर्म’ रीसेट हा प्रकारही आहे, पण अनेक बोर्डांवर त्याचा उपयोग होत नाही. मी थेट ‘कोल्ड’च देते.

डेलवर ‘रॅकॅडम रॅकरीसेट’ ही कमांड हेच काम करते. तिच्यासारखीच दिसणारी ‘रॅकरीसेटसीएफजी’ मात्र आयड्रॅकची सेटिंग्ज पुसते. ती चुकूनही देऊ नका.

पायरी २: नेटवर्कवरून

ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचता येत नसेल पण बीएमसीचा थोडा तरी भाग जिवंत असेल, तर तीच आयपीएमआयटूल कमांड ‘लॅनप्लस’ इंटरफेस वापरून दुसऱ्या मशीनवरून देता येते. त्यासाठी यूडीपी पोर्ट ६२३ मोकळा हवा. पासवर्ड कमांडमध्येच लिहू नका, तो शेलच्या हिस्टरीत उरतो. नवीन सर्व्हरवर रेडफिशमधली (वेबवरून सर्व्हर सांभाळण्याची प्रमाणित पद्धत) ‘मॅनेजर रीसेट’ ही क्रियाही चालते.

पायरी ३: सर्व्हरवरचं बटण

डेलच्या अनेक रॅक सर्व्हरवर सिस्टिम आयडीचं बटण (सर्व्हर ओळखायला दिवा लावणारं) १६ सेकंदांहून जास्त दाबून धरलं की आयड्रॅक रीस्टार्ट होतो. एचपीईच्या जेन९, जेन१० सर्व्हरवर तसंच असलेलं यूआयडी बटण ५ ते ९ सेकंद धरलं तर आयएलओ सौम्यपणे रीबूट होतो. १० सेकंद किंवा जास्त धरलं तर हार्डवेअर रीबूट. शेजारचं पॉवरचं बटण दाबलं जाणार नाही, एवढी काळजी घ्या.

पायरी ४: वीज पूर्ण काढणे

हा शेवटचा उपाय, आणि फक्त याच पायरीत सर्व्हर बंद करावा लागतो. डाउनटाइम ठरवून घ्या, सर्व्हर नीट शटडाउन करा, मग सगळ्या पॉवर सप्लायच्या केबल काढा. एक जरी केबल राहिली तरी स्टँडबाय वीज चालू राहते आणि सगळी मेहनत फुकट जाते. मिनिटभर थांबा, केबल लावा आणि लगेच सर्व्हर सुरू न करता बीएमसीला उठायला दोन-तीन मिनिटं द्या. ब्लेड (एका सामाईक पेटीत, म्हणजे चॅसिसमध्ये, बसणारे पातळ सर्व्हर) किंवा एका चॅसिसमधले अनेक नोड असतील तर केबल काढल्यावर शेजारचेही बंद पडतील. तिथे चॅसिसच्या मॅनेजरमधून त्या एकाच ब्लेडला व्हर्च्युअल रीसीट द्या, म्हणजे ते काढून परत बसवल्यासारखं होतं.

नंतर काय बघायचं

रीसेटनंतर काही मिनिटं आयपीएमआयटूल एरर देईल, त्या काळात पुन्हा रीसेट देत बसू नका. उठल्यावर ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’ने आयपी तपासा, ‘एमसी सेल्फटेस्ट’ करा आणि ‘सेल ईलिस्ट’ने नोंदी वाचा. घड्याळही बघा, वेळ चुकली असेल तर पुढच्या नोंदींच्या तारखा भलत्याच पडतील.

महिन्या-दोन महिन्यांत तोच त्रास परत आला तर फर्मवेअर अपडेट करा, आणि मॉनिटरिंग बीएमसीला किती वेळा विचारतं तेही पाहा. दर काही सेकंदांनी विचारणा झाली तर त्याच्या लहानशा प्रोसेसरला ते झेपत नाही. वीज काढूनही तो उठला नाही, तर नोंदी जपून ठेवा आणि बोर्ड बदलण्यासाठी कंपनीकडे तक्रार नोंदवा.